सरांच्या माडीवरच्या खोक्यांचं काय करायचं?

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीची. विश्रामबागला राहते, बँकेत आहे, वय ५३. आमचे फ्रेंचचे सर यंदा श्रावणात गेले. ऐंशी ओलांडली होती. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंच शिकून सत्तरच्या दशकात ते नोकरीसाठी सांगलीला आले आणि इथलेच झाले. आधी कॉलेजात शिकवलं, निवृत्तीनंतर गावभागातल्या घरी माडीवर. फी ज्याला जमेल त्याने द्यायची. त्यांच्या नावावर एकही पुस्तक नाही, कुठला पुरस्कार नाही. माडीवर आता तीन कपाटं पुस्तकं, शंभरेक वह्या, एक पिशवीभर कॅसेटी आणि चपलांच्या खोक्यांत भरलेली फ्रेंच-मराठी शब्दकोशाची कार्डं आहेत. कोश ‘एम’ अक्षरापर्यंत येऊन थांबला. काकू मुलाकडे नाशिकला चालल्यात, दिवाळीनंतर घर विकायचं आहे.

सरांचा मुलगा भला आहे. पण परवा तो म्हणाला, “ताई, बाबांनी पन्नास वर्षं शिकवलं. आज सांगलीत फ्रेंच बोलणारी दहा माणसं दाखवा मला. मग उरलं काय?” मला काही बोलता आलं नाही.

आम्हा जुन्या विद्यार्थ्यांत दोन तट पडलेत. एकांना स्मृतिग्रंथ काढायचाय, दुसऱ्यांना दरवर्षी भावे नाट्यगृहात सरांच्या नावाने पुरस्कार द्यायचाय. वर्गणी जमायला लागलीय. मला दोन्ही पटत नाही आणि तिसरं सुचत नाही. आणखी एक. मी सरांची लाडकी विद्यार्थिनी होते. लग्नानंतर फ्रेंच सुटलं. शेवटची दोन वर्षं मी त्यांच्याकडे फिरकलेच नाही. ‘सध्या काय वाचतेस?’ असं विचारतील, याची लाज वाटायची. आता काय करू?

– एक विद्यार्थिनी, सांगली

*

प्रिय ताई,

तुमचं पत्र मोठं होतं, जागेअभावी वर त्याचा गोषवारा दिलाय. पण गाळलेल्या मजकुरात सर कसे शिकवायचे, याची जवळजवळ दोन पानं आहेत. मध्येच तुम्ही ‘विषयांतर होतंय, माफ करा’ असंही लिहिलंय. मला तरी त्या दोन पानांतच सगळं सापडलं. म्हणून उत्तर तिथूनच देते.

आधी सरांच्या मुलाबद्दल. त्याचा राग धरू नका. वडिलांची माडी रिकामी करायची वेळ आली की असले प्रश्न पडतातच, आणि ते रागातून नाही, दुःखातून येतात. तो म्हणतो ते खरंही असेल. सांगलीत फ्रेंच बोलायचं तरी कोणाशी? अकरावी-बारावीला मार्क चांगले पडतात म्हणून मुलं फ्रेंच घेतात, परीक्षा झाली की वही बंद. हे सरांना कळत नव्हतं असं समजू नका. दर जूनला नव्या मुलांसमोर ‘मी आहे, तू आहेस, तो आहे’ इथून पुन्हा सुरुवात करणाऱ्या माणसाला हे जितकं कळतं तितकं दुसऱ्या कोणाला कळत नाही. तरी दर जूनला ते माडी झाडून घ्यायचे आणि फळा काळा करून घ्यायचे, हे तुम्हीच लिहिलंय.

मुलाचं मोजायचंच चुकलं. किती जण फ्रेंच बोलतात याच्या आकड्यावरून सरांचं काम कळायचं नाही. ते काम काय होतं ते तुमच्याच शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे तुम्हाला ते त्याच्यापुढे ठेवता येईल.

तासगाव-पलूसकडच्या बागायतदारांची मुलं पहिल्यांदा माडीवर आली की सर म्हणे विचारायचे, “घरी बोर्डो मारता का रे?” मुलं हसायची. बोर्डो म्हणजे द्राक्षवेलींवर फवारायचं औषध: मोरचूद, चुना आणि पाणी. एक टक्क्याच्या बोर्डोला शंभर लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना, हे त्यांना सरांपेक्षा जास्त ठाऊक. मग सर फळ्यावर फ्रान्सचा नकाशा काढायचे, खाली डाव्या हाताला, समुद्राजवळ, एक टिंब द्यायचे आणि म्हणायचे, हे तुमचं बोर्डो. त्यानंतर गोष्ट. बोर्दोच्या विद्यापीठातला मिलार्दे नावाचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक १८८२ साली मेदोकच्या द्राक्षबागांतून चालला होता. केवड्याने बागाच्या बागा गेल्या होत्या, पण रस्त्याकडेच्या वेलींची पानं शाबूत होती. चौकशी केली तर कळलं की येणारे-जाणारे घड तोडून नेतात म्हणून तिथल्या लोकांनी रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडलं होतं. निळे डाग बघून लोकांनी हात लावू नये एवढाच हेतू. १८८५ साली मिलार्देने ते औषध म्हणून जगापुढे मांडलं.

ही गोष्ट सर आधी मराठीत सांगायचे आणि लगेच तीच गोष्ट दहा सोप्या फ्रेंच वाक्यांत. अर्थ मुलांना आधीच कळलेला. त्यामुळे जीव मुठीत न धरता ती फक्त आवाज ऐकायची. पहिल्याच तासाला आपल्याला फ्रेंच ‘समजलं’ असं वाटून पोरगं घरी जायचं, आणि संध्याकाळी फवारणीच्या पंपाशी उभं राहून बापाला मिलार्देची गोष्ट सांगायचं. ताई, मी बरेच भाषाशिक्षक पाहिलेत. परक्या भाषेची भीती घालवायची इतकी साधी आणि इतकी विचार करून बेतलेली रीत मी क्वचित पाहिली.

आणि फ्रेंच नाटककार मोलिएर! तुम्हा लोकांना मोलिएर शिकवायचा होता तेव्हा सरांनी आधी सगळ्यांना सायकलवरून हरिपूरला नेलं. संगमावर बसवून हातात दिलं काय, तर ‘संशयकल्लोळ’. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. मोलिएरचं ‘स्गानारेल’ १६६० सालचं. त्यावरून आर्थर मर्फीने इंग्रजीत नाटक केलं, त्यावरून देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव’ लिहिलं आणि त्याचंच पुढे १९१६ साली संगीत ‘संशयकल्लोळ’ झालं. तसबिरीचा प्रवेश सरांनी तुमच्याकडून मराठीत वाचून घेतला: बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर बघून फाल्गुनरावाच्या डोक्यात संशयाचं भूत शिरतं तो. दुसऱ्या दिवशी माडीवर मोलिएरचा तोच प्रवेश. स्गानारेलच्या बायकोला रस्त्यात पडलेली तसबीर सापडते आणि नवरा मागून डोकावतो. तुम्ही लिहिलंय, “फ्रेंच पद्य असूनही आम्ही पुढची ओळ काय येणार ते ओळखून हसत होतो.” तीनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या पॅरिसच्या प्रेक्षकांबरोबर सांगलीतली विशीतली पोरं एकाच जागी हसली, आणि ते हसू सरांनी हरिपूरच्या वाटेने आणलं.

हे कुठल्या छापील पुस्तकात नाही. तेव्हा आपल्याकडे चालायचं ते मोझे यांचं १९५३ सालचं निळं पुस्तक. त्यात कॅनडातलं व्हँसाँ कुटुंब बोटीने फ्रान्सला जातं आणि पॅरिस बघतं. पुस्तक उत्तमच होतं, कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. पण व्हँसाँ कुटुंब तासगावला कधी आलं नाही. तो प्रवास सरांनी करवला. सांगलीच्या मुलांसाठी फ्रेंचचा एक अख्खा अभ्यासक्रम त्यांनी घडवला, पन्नास वर्षं दरवर्षी थोडा थोडा सुधारत नेला, आणि त्याला कधी नाव दिलं नाही. तो काही त्यांच्या डोक्यात होता, काही वह्यांत आहे आणि काही तुम्हा विद्यार्थ्यांच्या आठवणीत. त्यातलं पहिलं गेलं. दुसऱ्याला दिवाळीपर्यंतची मुदत आहे. तिसऱ्याचं म्हणाल तर तुम्ही स्वतः पन्नाशी ओलांडलीत आणि तुमच्या आधीच्या तुकड्या सत्तरीला टेकल्यात.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: ग्रंथ आणि पुरस्कार दोन्ही बाजूला ठेवा. आधी सरांची शिकवण्याची रीत टिपून घ्या, आणि मग ती पुन्हा चालू करा.

स्मृतिग्रंथाला माझा विरोध का, ते सांगते. असे ग्रंथ मी पुष्कळ वाचलेत. लोक मनापासून लिहितात. पण प्रत्येक लेखात सर ऋषितुल्य असतात, शिस्तीचे असतात, वरून कडक आणि आतून मऊ असतात. शेवटच्या पानापर्यंत गेलं तरी त्यांचा तास कसा चालायचा ते कळत नाही. ग्रंथ काढायचाच असेल तर वर्षभराने काढा, आणि विद्यार्थ्यांकडून आठवणी मागू नका, एकेक तास मागा. फळ्यावर आधी काय लिहिलं? पहिलं वाक्य कोणतं म्हणायला लावलं? कोणाचं काय चुकलं आणि सरांनी ते कसं दुरुस्त केलं? घरी काय करून आणायला सांगितलं? तुम्ही सहज लिहून गेलात की फ्रेंचमधला तो अवघड ‘यु’ शिकवताना सर म्हणायचे, ‘ई म्हणत राहा, थांबू नका, आणि ओठ तेवढे ऊ-चे करा.’ हे वाचून मी इथे बसल्या बसल्या करून पाहिलं, पहिल्या झटक्यात जमलं. असलं एकेक वाक्य सोन्याच्या मोलाचं आहे. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांना फोन करून बोलतं करा आणि रेकॉर्ड करून घ्या.

‘त्यात काय लिहायचं?’ असं तुमचे बरेच सोबती म्हणतील. जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायाही हेच म्हणायच्या. गी पॉइटवाँ हा मूळचा फ्रेंच माणूस पुण्यात येऊन राहिला आणि हेमा राईरकरांच्या साथीने त्याने गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईला त्यात जपून ठेवण्यासारखं काही वाटत नव्हतं, कारण ती ते रोज करत होती. तुमच्या बाबतीतही तसंच होणार. चिकाटीने विचारत राहावं लागेल.

पुरस्काराबद्दल तर मला स्पष्टच बोलायचंय. त्यासाठी संस्था काढावी लागेल, सात सभासद लागतील, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचे हिशेब, लेखापरीक्षण. पहिली दोन वर्षं उत्साहात जातील. पण तिसऱ्या वर्षी पुरस्कार द्यायचा कोणाला? सांगलीत फ्रेंच शिकवणारं किंवा शिकणारंच कोणी उरलं नसेल तर त्या शालीखाली खांदा कोणाचा असणार? वर्गणीचा पैसा जमलाच आहे तर तो शिकणाऱ्या मुलांवर खर्चा. फ्रेंच सरकारच्या ‘देल्फ’ परीक्षा पुण्याला आलियाँस फ्राँसेजमध्ये देता येतात. परीक्षेची फी आणि पुण्याला जायचं-यायचं भाडं एवढ्यावर मुलं अडतात, विशेषतः मुली. वर्षाला दोघांना पाठवलं तरी सरांचं नाव योग्य जागी लागलं.

आता माडी. दिवाळीला फार दिवस राहिलेले नाहीत आणि घर आवरायला निघालं की पहिला बळी वह्यांचा जातो. छापील पुस्तकं जाड असतात, पुठ्ठ्याची असतात, ती कोणीतरी उचलून ठेवतं. हाताने लिहिलेला कागद मात्र रद्दीत जातो. तुम्ही उलटं करा. छापील पुस्तक जगात दुसरीकडे मिळेल, सरांच्या हातचं दुसरीकडे मिळणार नाही. म्हणजे आधी कार्डं, मग वह्या, मग कॅसेटी, मग ज्या पुस्तकांच्या समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय ती, आणि सगळ्यात शेवटी बाकीची पुस्तकं.

तुम्ही एका कार्डाचा फोटो पाठवलात, तो मी मोठा करून बराच वेळ बघत होते. वर फ्रेंच शब्द, शेजारी ‘स्त्री.’ अशी लिंगाची खूण, खाली मराठी अर्थ: पूर, महापूर. त्याखाली वापरून दाखवलेलं वाक्य, कृष्णेचं पाणी चढतंय, पुस्तकं माडीवर न्या. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत साल आणि आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी. २००५ निळ्या शाईत, २०१९ काळ्या शाईत. २०२१ लिहिताना हात थरथरलेला दिसतो. कोशातलं कार्ड आणि घराची नोंदवही एकाच कागदावर. असं किती कार्डांवर असेल कोण जाणे. म्हणूनच सांगते, नुसते शब्द टाइप करून घेऊन कार्डं टाकून देऊ नका. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा रंगीत फोटो हवा, स्कॅनर मिळाला तर किमान ३०० डीपीआय. नसेल तर खिडकीशी, सावलीच्या उजेडात, मोबाइल स्थिर ठेवून काढलेला फोटोही चालतो. खोक्यांना आधी नंबर द्या आणि आतला क्रम अजिबात हलवू नका, सरांनी कार्डं ज्या क्रमाने लावली त्यातही त्यांचा विचार आहे. रबरबँड, गंजलेल्या टाचण्या, यूपिन काढून टाका. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, दहा वर्षांत ती पिवळी पडून कागद खाते. कसर-वाळवी आहे का ते बघा, लागलेली वही इतरांपासून वेगळी ठेवा.

आणि काहीही करा पण तात्पुरतं म्हणून सुद्धा ती खोकी गावभागात कोणाच्या तळमजल्यावर ठेवू नका. ऑगस्ट २०१९मध्ये नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं पाण्यात गेली, हे सांगलीकराला मी वेगळं सांगायला नको. विश्रामबागला तुमच्या घरी वरच्या मजल्यावर एक कपाट रिकामं करा. फोटोंच्या तीन प्रती ठेवा: एक सरांच्या मुलाकडे, एक तुमच्याकडे, एक इंटरनेटवरच्या साठ्यात.

हे सगळं काकूंच्या आणि मुलाच्या लेखी परवानगीने. भावनेच्या भरात आपण हे विसरतो. न छापलेल्या लिखाणाचे हक्क लेखकानंतर वारसांकडे जातात, आणि असं लिखाण लेखकाच्या निधनानंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालं तर आपल्या कायद्याप्रमाणे ते हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतात. साध्या कागदावर, काय काय नेलं, त्याचं काय करणार, मूळ कागद कोणाकडे राहणार, असं लिहून दोघांच्या सह्या घ्या. आज सगळे एकमेकांना धरून आहेत तेव्हाच हे झालेलं बरं. अर्धा राहिलेला कोश कोणी पुरा करायला निघालं तर त्यालाही तूर्त थांबवा. ‘एम’पर्यंतचा कोश जसा आहे तसा लोकांना बघायला मिळू दे. पुढचं काम करणारा येईल तेव्हा येईल.

कॅसेटी घरातल्या जुन्या टेपवर सारख्या पुढे-मागे करून ऐकू नका, फीत तुटते. ज्याच्याकडे चांगला डेक आहे त्याच्याकडून एकदाच सलग वाजवून संगणकावर उतरवून घ्या. सरांचा स्वतःचा आवाज ज्यांत आहे त्या आधी.

छापील पुस्तकांची यादी करा, लेखक, नाव, साल एवढं पुरे, आणि यादीच पाठवा: ज्या कॉलेजात फ्रेंच शिकवतात त्यांची ग्रंथालयं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, पुण्याची आलियाँस. टेम्पो भरून पुस्तकं दारात नेऊन टाकली तर कोणतंही ग्रंथालय वैतागतं, आणि पुढे त्या पुस्तकांचं काय होतं ते न विचारलेलं बरं. मराठीच्या घडणीवरचं झ्यूल ब्लॉकचं मूळ फ्रेंच पुस्तक सरांच्या कपाटात आहे म्हणता, ते मात्र यादीतून काढून बाजूला ठेवा. त्यातल्या समासातल्या नोंदी मला स्वतःला वाचायच्या आहेत.

ब्लॉकवरून आठवलं, हेही सरांच्या मुलाला सांगा. आपली मराठी कशी घडत आली याचा पहिला मोठा शास्त्रशुद्ध अभ्यास एका फ्रेंच माणसाने फ्रेंचमध्ये लिहिला, तो १९२० साली पॅरिसला छापला गेला. तो इथल्या वाचकाच्या हातात मराठीत पडला १९४१ साली, कारण वासुदेव गोपाळ परांजप्यांना फ्रेंच येत होतं. उलट बाजूने १९५६ साली गी देलरींनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. एवढं मोठं काम करणारी माणसं कधीतरी कुठल्यातरी वर्गात पहिल्या दिवशी ‘मी आहे, तू आहेस’ म्हणत बसलेली असतात. मास्तराला समोरच्या वीस जणांत असा कोणी आहे की नाही हे कळत नाही. तो वीसही जणांना तितक्याच काळजीने शिकवतो. सरांच्या वर्गातून असा कोणी निघाला नसेलही. पण सांगलीत ते दार पन्नास वर्षं उघडं होतं, एवढं ठामपणे सांगता येतं.

ते उघडं ठेवायचं काम आता तुमच्याकडे येतं, ताई. तुमचं पत्र वाचताना मला हेच दिसत गेलं. तुम्ही म्हणाल, तीस वर्षांत सगळं विसरले. सगळं विसरलेल्या बाईला बोर्दोची दहा वाक्यं क्रमाने आठवत नाहीत. तुम्ही ती पत्रात फ्रेंचमध्ये लिहून पाठवलीत, आणि त्यातल्या क्रियापदांची रूपं बरोबर आहेत. मी एका जाणकाराला दाखवली, त्याने दोन ठिकाणी मात्रेची खूण राहिली म्हणून दाखवलं, बस्स. युरोपच्या मोजणीत भाषेच्या सहा पायऱ्या आहेत, ए-१ पासून सी-२ पर्यंत. नव्या मुलांना तुम्हाला फक्त पहिली पायरी चढवायची आहे. तीन-चार महिने सरांच्या पहिल्या वर्षाच्या वह्या घेऊन रोज थोडं मोठ्याने वाचा. मोठ्यानेच, मनात नाही. अडलं तर सरांच्या कॅसेटी आहेत. आणि येत्या जूनपासून रविवारी सकाळी चार-पाच मुलं घेऊन बसा. मुलं मार्कांसाठी येतील, येऊ देत. सरांकडेही तशीच यायची, तुम्ही तरी कशासाठी गेला होतात? ज्यांच्या आठवणी तुम्ही गोळा करणार आहात त्यांतले दोघे-तिघे आलटून-पालटून तास घ्यायला तयार होतील. वेगळी जागा, फलक, उद्घाटन यांत पडू नका.

राहिली शेवटच्या दोन वर्षांची गोष्ट. यात मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. जायला हवं होतं, तुम्हालाही ते कळतंय, आणि ते आता भरून येणार नाही. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूला १९५७ साली साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा त्याने आपल्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांना, लुई जेर्मेन यांना पत्र लिहिलं. वडील युद्धात गेलेले, आई लोकांच्या घरी कामं करणारी. त्या पोराला जेर्मेन यांनी शाळा सुटल्यावर पैसे न घेता शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी तयार केलं होतं. आई सोडली तर पहिली आठवण तुमची आली, असं त्याने कळवलं. जेर्मेन हयात होते, त्यांनी उत्तरही लिहिलं. तुमचं पत्र राहून गेलं. पण सर तुम्हाला ‘काय वाचतेस’ विचारायचे ते हिशेब घ्यायला नाही. सरांना त्याखेरीज दुसरं बोलणं सुचायचंच नाही, हे तुम्हीच आधीच्या पानावर लिहिलंय.

आणि काकू आहेत ना. तुमच्या अख्ख्या पत्रात काकू तीनदा येतात, तिन्ही वेळा चहा घेऊन. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं. माडीवर पन्नास वर्षं तास चालला तेव्हा खाली स्वयंपाकघरात तो त्यांच्या कानावर पडत होता. कुठल्या वर्षी बोर्डोची गोष्ट पहिल्यांदा सांगितली, कुठली तुकडी सरांना जास्त आवडली, कार्डं लिहायला कधी बसायचे, ‘एम’नंतर का थांबले, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसणार. कोणी विचारलं नसेल म्हणून त्या बोलल्या नसतील, एवढंच. नाशिकला गेल्यावर त्या नव्या घरात, नातवंडांत रमतील, त्यांनी रमावंच. पण तोवर हे विचारून घ्या.

तेव्हा येत्या रविवारी आधी एकट्याच जा. तट, वर्गणी, खोकी यांतलं काही काढू नका. दोन वर्षं का आला नाहीत ते काकूंना सरळ सांगा आणि मग त्यांना बोलू द्या. त्यांची हरकत नसेल तर फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. एका दुपारीत संपणार नाही, तीन-चार दुपारी काढून ठेवा. विद्यार्थ्यांची बैठक त्यानंतर बोलवा, आणि काकूंना तिथे खुर्चीत मधोमध बसवा.